हिदेकी मात्सुयामा : पावणेचार कोरडी वर्षं

घाटवाट

जपानी गोल्फर हिदेकी मात्सुयामाचं नाव निघालं की गप्पा २०२१च्या मास्टर्सपाशी येऊन थांबतात. मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा जपानचा पहिला पुरुष, विजेत्याचं हिरवं जाकीट, आणि अठराव्या होलवर झेंड्याची काठी जागेवर ठेवून मैदानाला वाकून नमस्कार करणारा त्याचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा साथीदार, शोता हायाफुजी. ते दृश्य मलाही फार आवडतं. पण या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो तो त्याच्या आधीच्या काळामुळे. ऑगस्ट २०१७ ते एप्रिल २०२१ या पावणेचार वर्षांत तो एकही स्पर्धा जिंकला नाही. त्या वर्षांबद्दल आपल्याकडे कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म २५ फेब्रुवारी १९९२, शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातलं मात्सुयामा शहर. आडनाव आणि गाव एकच. वडील हौशी गोल्फर, त्यांनीच चौथ्या वर्षी हातात काठी दिली. पुढे शेजारच्या कोची प्रांतातली मेइतोकु गिजुकु ही खेळांसाठी नावाजलेली शाळा, आणि मग सेंदाईचं तोहोकु फुकुशी विद्यापीठ. २०१०मध्ये त्याने कासुमिगासेकीला आशियाई हौशी स्पर्धा जिंकली. या स्पर्धेच्या विजेत्याला मास्टर्सचं आमंत्रण मिळतं, त्यामुळे एप्रिल २०११मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा ऑगस्टाला, मास्टर्सच्या मैदानावर, जाणार होता.

मधे ११ मार्च आला. भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा मात्सुयामा सरावासाठी ऑस्ट्रेलियात होता. परतला तो उद्ध्वस्त सेंदाईत. आजूबाजूला माणसं आपलं कोण राहिलं, कोण गेलं ते शोधत असताना आपण गोल्फ खेळायला अमेरिकेला जायचं की नाही, हा प्रश्न त्याने खरोखरच विचारात घेतला होता. त्याच भागातल्या लोकांनी पत्रं पाठवून त्याला जा म्हणून सांगितलं. तो गेला. त्या वर्षी कट पार करणारा तो एकमेव हौशी खेळाडू ठरला, तिसऱ्या फेरीत ६८, एकूण संयुक्त सत्ताविसावा. सर्वोत्तम हौशी खेळाडूचा रुपेरी कप घेऊन तो परत सेंदाईला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अजून विद्यार्थी असतानाच, त्याने जपानच्या व्यावसायिक टूरवरची ताइहेइयो मास्टर्स जिंकली.

२०१३च्या एप्रिलमध्ये व्यावसायिक झाला आणि त्याच महिन्यात त्सुरुया ओपन जिंकली. वर्षभरात चार स्पर्धा जिंकून तो जपानी टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आला. पदार्पणाच्या वर्षी हे कोणी केलं नव्हतं. २०१४मध्ये अमेरिकेत जॅक निक्लॉसची मेमोरियल स्पर्धा जिंकला, तीही कशी बघा. शेवटच्या होलवर पहिल्या फटक्यानंतर काठी जमिनीवर टेकवताना ड्रायव्हरचं (सर्वांत लांब मारायच्या काठीचं) डोकंच निखळलं. त्याच होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) घेऊन त्याने बरोबरी साधली आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारा जादा खेळ, ड्रायव्हरशिवाय खेळून केविन ना याला हरवलं.

२०१६चा हिवाळा तर वेडा होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत जपान ओपन, शांघायची वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिप स्पर्धा (सात फटक्यांनी!), पुन्हा ताइहेइयो मास्टर्स, टायगर वुड्सची हीरो वर्ल्ड चॅलेंज, आणि सलग दुसऱ्यांदा फिनिक्स ओपन. जून २०१७मध्ये यूएस ओपनला संयुक्त दुसरा आणि जागतिक क्रमवारीतही दुसरा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फायरस्टोन मैदानावर शेवटच्या फेरीत ६१ मारून तो पाच फटक्यांनी जिंकला.

लगेच पुढच्या आठवड्यात क्वेल हॉलोला पीजीए चॅम्पियनशिप होती. रविवारी पाठच्या नऊ होलमध्ये तो आघाडीवर आला, आणि तिथून बोगींची (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) रांग लागली. त्याच जोडीत खेळणारा जस्टिन थॉमस जिंकला, हा संयुक्त पाचवा. जपानी पत्रकारांसमोर बोलताना मात्सुयामाला रडू आवरलं नाही. एरवी या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याने बर्डी मारली की डबल बोगी ते कळत नाही. लग्न जानेवारीत झालं आणि जुलैत मुलगी झाली, हेही त्याने त्या स्पर्धेनंतरच जाहीर केलं होतं, इतका तो आतल्या गाठीचा.

आणि मग पावणेचार वर्षं.

२०१८च्या फिनिक्स ओपनमध्ये सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरला आणि डाव्या हाताच्या दुखापतीमुळे एका फेरीनंतर माघार घ्यावी लागली. हात बरा झाला तरी विजय येईना. २०१९मध्ये जपानमध्येच झालेल्या झोझो चॅम्पियनशिपला तो दुसरा आला, वुड्सच्या मागे, आणि वुड्सचा तो विक्रमी ८२वा विजय असल्यामुळे मात्सुयामाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. २०२०मध्ये ह्यूस्टनला संयुक्त दुसरा. पण या सगळ्या काळात एकदाही असं झालं नाही की मोसमाअखेरच्या तीस जणांच्या टूर चॅम्पियनशिपमध्ये त्याचं नाव नव्हतं. जिंकत नसलेला माणूस दर वर्षी पहिल्या तिसात. मला हे फार मोठं वाटतं.

अडत कुठे होतं? पटिंगमध्ये, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून (ग्रीनवरून) चेंडू खड्ड्यात ढकलण्यात. त्या फटक्याला पट म्हणतात. लांबून ग्रीनवर चेंडू टाकण्यात जगात त्याच्या बरोबरीचे मोजके होते, आणि तिथून दीड-दोन मीटरचा पट हुकायचा. स्वतःचा स्विंग स्वतःच, व्हिडिओ बघून बघून दुरुस्त करायची त्याची सवय होती. पूर्णवेळ प्रशिक्षक कधी ठेवलाच नव्हता. २०२१च्या सुरुवातीला त्याने हिदेनोरी मेझावा यांना सोबत घेतलं. जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत एकट्याने पोचलेल्या माणसाने एकोणतिसाव्या वर्षी दुसऱ्याचं ऐकायचं ठरवणं सोपं नसतं. फळ लगेच मिळालं असंही नाही. ऑगस्टाला आला तेव्हा क्रमवारीत पंचविसावा होता आणि त्या वर्षी एकदाही पहिल्या दहात आला नव्हता.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ६९, ७१, आणि शनिवारी वादळामुळे खेळ थांबला तेव्हा तो गाडीत जाऊन फोनवर खेळत बसला. परत आल्यावर उरलेल्या आठ होलमध्ये सहा अंडर. ६५, चार फटक्यांची आघाडी. रविवारी पंधराव्या होलवर दुसरा फटका ग्रीनच्या पलीकडे सोळाव्याच्या तळ्यात गेला तेव्हा मला क्वेल हॉलो आठवलं. सलग चार बर्डी घेतलेला झँडर शॉफेले दोन फटक्यांवर येऊन ठेपला होता. पण सोळाव्यावर शॉफेलेचाही चेंडू पाण्यात गेला, ट्रिपल बोगी. मात्सुयामाने शेवटच्या चारपैकी तीन होलवर बोगी घेतली आणि विल झालाटोरिसपेक्षा एका फटक्याने जिंकला. दहा अंडर.

एक गोष्ट कमी बोलली जाते. एरवी त्याच्या मागे जपानी पत्रकारांचा तांडा असतो, प्रत्येक फेरीनंतर त्यांच्यापुढे उभं राहावं लागतं. कोविडच्या निर्बंधांमुळे त्या आठवड्यात ते फारच थोडे होते, आणि त्यामुळे ताण कमी होता हे त्याने स्वतः सांगितलं. दहा वर्षं एका देशाची अपेक्षा पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाला चार दिवस थोडा मोकळा श्वास मिळाला. विजयात याचा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

तुमची मतं वाचायला आवडतील.

रेवती_क

छान लिहिलंय. मला गोल्फमधलं काही कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन प्रश्न. कट म्हणजे काय? आणि ‘दहा अंडर’ हा चांगला आकडा का?

चेंबूरचा

रेवती, धागाकर्ते उत्तर देतीलच, तोवर मी सांगतो. मोठी स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल. पहिल्या दोन दिवसांनंतर साधारण अर्धे खेळाडू घरी जातात, ती रेषा म्हणजे कट. घरी जाणाऱ्या व्यावसायिकाला बहुतेक स्पर्धांत एक पैसाही मिळत नाही. प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा व्हावा याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. ऑगस्टाला दिवसाला ७२, चार दिवसांचे २८८. मात्सुयामाने २७८ घेतले, म्हणून दहा अंडर. एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी.

एक लक्षात घ्या, इथे समोरचा खेळाडू तुमचा चेंडू अडवत नाही. जे काही बिघडतं ते तुमच्याच हातून बिघडतं आणि विचार करायला मधे पाच-दहा मिनिटं चालत जायचं असतं. क्वेल हॉलोसारखा रविवार म्हणूनच वर्षानुवर्षं छळतो.

तोक्यो_डायरी

मी गेली काही वर्षं तोक्योत निशिकासाईला आहे. त्या दिवसाबद्दल इकडून लिहिते.

ऑगस्टाचा रविवार म्हणजे इथे सोमवारची सकाळ. शेवटचा पट आठच्या सुमारास पडला, म्हणजे ऐन ऑफिसला निघायच्या वेळी. टीबीएस वाहिनीवर थेट प्रक्षेपण होतं. पट पडल्यावर समालोचक बोलेचनात. बराच वेळ नुसता मैदानाचा आवाज आणि मधे हुंदके. त्या खोलीत त्सुनेयुकी नाकाजिमा होते. धाग्यात त्यांचं नाव आलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. १९७८च्या मास्टर्सला नाकाजिमांनी तेराव्या होलवर तेरा फटके घेतले होते. त्याच वर्षी सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनमध्ये वरच्या क्रमांकावर असताना सतराव्याच्या बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू बाहेर निघता निघेना, आणि तो बंकर पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अतिशय गुणी खेळाडू, जपानमध्ये कित्येक विजेतेपदं, आणि जगाने लक्षात काय ठेवलं तर हे दोन होल. त्या माणसाने त्या सकाळी मायक्रोफोनसमोर बसून ऑगस्टावर जपानी माणूस जिंकताना बघितला. मला अजूनही ते आठवलं की भरून येतं.

आणि सेंदाईबद्दल: दहा वर्षांच्या अंतराने दोन्ही एप्रिल महिने आले, हे इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. त्सुनामीला दहा वर्षं झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात हा विजय आला.

जुना_क्रीडाप्रेमी

लेख उत्तम, पण मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. मात्सुयामाच्या आधीची जपानी परंपरा धाग्यात एका ओळीतही नाही.

इसाओ आओकी यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १९४२, चिबातलं आबिको, कॅडी म्हणून सुरुवात. १९७८मध्ये वेंटवर्थची वर्ल्ड मॅच प्ले जिंकले. १९८०च्या यूएस ओपनमध्ये बाल्टुसरोलला चारही दिवस निक्लॉससोबत एकाच गटात खेळले आणि दोन फटक्यांनी दुसरे आले. निक्लॉसला २७२ हा तेव्हाचा स्पर्धाविक्रम करावा लागला, तेव्हा कुठे आओकी मागे पडले. काठीचं टोक वर उचलून, टाच जमिनीला टेकवून ते पट मारायचे. शिकवणाऱ्याने बघितलं तर काठी काढून घेईल अशी ती पद्धत, पण पटिंगमध्ये त्यांचा हात धरणारे फार कमी. १९८३मध्ये हवाईला शेवटच्या होलवर १२८ यार्डांवरून वेजने (जवळून उंच मारायच्या काठीने) मारलेला चेंडू थेट खड्ड्यात गेला आणि अमेरिकेच्या पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारे ते पहिले जपानी ठरले. बिचारा जॅक रेनर आपण जिंकलो असं समजून बसला होता.

आणि जंबो ओझाकी. जपानी टूरवर ९४ विजय. परदेशात त्या मानाने काहीच नाही, कारण ते मुळात घरीच खेळले. तेव्हा जपानच्या टूरवर इतका पैसा होता की बाहेर जायची गरजच नव्हती. मात्सुयामा व्यावसायिक झाला तोवर ती टूर आटलेली होती. त्याला जावंच लागलं. म्हणून दोघांची तुलना नुसत्या मेजरवरून करू नये असं माझं मत आहे.

घाटवाट

क्रीडाप्रेमी, आओकींचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा आणि तो तुम्हीच काढा.

ओझाकींबद्दल मात्र अर्धं सहमत. घरच्या मैदानावर ९४ विजय हे अचाट आहेच. पण मात्सुयामाला ‘जावंच लागलं’ असं मला वाटत नाही. २०१३मध्ये जपानी टूरवर त्याने वीस कोटी येनच्या वर कमावले होते, पदार्पणाच्या वर्षी. प्रायोजक, भाषा, जेवण, ओळखीची मैदानं, सगळं हाताशी होतं. तिथे राहिला असता तर आजवर विजयांचा ढीग झाला असता आणि दरवर्षी तो आकडा छापून आला असता. इंग्रजी जवळपास येत नसताना तो फ्लोरिडाला राहायला गेला, कारण त्याला शेफ्लर, मॅकलरॉयच्या तोडीच्या लोकांत आठवड्यामागून आठवडे हरायचं होतं. हो, हरायचंच. तिथे जाणारा प्रत्येकजण बहुतेक आठवडे हरतोच. पावणेचार वर्षांत त्याला परतीचं विमान कधीही पकडता आलं असतं, आणि कोणी नावंही ठेवली नसती. शिगेकी मारुयामा तिथे तीन स्पर्धा जिंकून शेवटी परतले, र्यो इशिकावा तर मात्सुयामाच्याच वयाचा, त्याच्याहून आधी प्रसिद्ध झालेला, तोही परतला. त्यात काही वाईट नाही. पण राहणं वेगळं.

सुपारीबाग

चर्चा पुरुषांभोवतीच फिरतेय म्हणून लिहिते. मेजर जिंकणारी पहिली जपानी व्यक्ती मात्सुयामा नाही. हिसाको ‘चाको’ हिगुची यांनी १९७७मध्ये एलपीजीए चॅम्पियनशिप ही महिलांची मेजर जिंकली होती, म्हणजे त्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. अयाको ओकामोतो यांनी अमेरिकेत सतरा स्पर्धा जिंकल्या आणि १९८७मध्ये तिथल्या कमाईच्या यादीत पहिल्या आल्या. अमेरिकेबाहेरच्या बाईने हे पहिल्यांदाच केलं होतं. २०१९मध्ये हिनाको शिबुनो जपानबाहेरची आपली पहिलीच स्पर्धा खेळायला वोबर्नला गेली आणि महिलांची ब्रिटिश ओपन जिंकून आली, मैदानभर हसत हसत.

आणि ऑगस्टाबद्दल म्हणाल तर मात्सुयामाच्या आठ दिवस आधी, त्याच मैदानावर, सतरा वर्षांच्या त्सुबासा काजितानीने महिलांची हौशी स्पर्धा जिंकली होती. जपानचा झेंडा तिथे आधी तिने लावला. ‘पहिला पुरुष’ असं घाटवाट यांनी काळजीपूर्वक लिहिलंय, त्याबद्दल आभार. आपल्याकडच्या बातम्यांत तेव्हा सरसकट ‘पहिला जपानी’ असं वाचलं होतं आणि फार राग आला होता.

तोक्यो_डायरी

सुपारीबाग, शंभर टक्के. आणि २०२४, २०२५मध्ये तर बायकांनी कमालच केली आहे. युका सासो, अयाका फुरुए, माओ साइगो, मियु यामाशिता, सगळ्या मेजर विजेत्या. इथे टीव्हीवर महिलांचं गोल्फ पुरुषांपेक्षा जास्त आवडीने बघितलं जातं. माझ्या ऑफिसातल्या ज्या सहकारी जाळीच्या रेंजवर सरावाला जातात, त्यांच्या तोंडी मात्सुयामापेक्षा शिबुनोचं नाव जास्त असतं.

चेंबूरचा

ऑलिंपिकबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

तोक्यो ऑलिंपिकचं गोल्फ कासुमिगासेकीला झालं. अठराव्या वर्षी त्याने जिथे आशियाई स्पर्धा जिंकली तेच मैदान. जपानसाठी त्या जागेचं मोलही मोठं. १९५७चा कॅनडा कप तिथे तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो या जोडीने जिंकला आणि गोल्फची लाट देशभर पसरली, असं जुने लोक मानतात. याच क्लबमध्ये बायकांना पूर्ण सदस्यत्व नव्हतं. ऑलिंपिकच्या दबावामुळे २०१७मध्ये नियम बदलला. सुपारीबाग यांच्या प्रतिसादाला जोडून हे सांगावंसं वाटलं.

तर मात्सुयामाला जुलैच्या सुरुवातीला कोविड झाला, ब्रिटिश ओपन हुकली, दम पुरत नव्हता, तरी शेवटच्या दिवशी शॉफेलेसोबत अखेरच्या गटात. शॉफेलेला सुवर्ण. कांस्यासाठी सात जणांचा प्लेऑफ झाला, मॅकलरॉय, मोरिकावा सगळे त्यात, आणि मात्सुयामा पहिल्याच होलवर बाद. घरच्या मैदानावर, प्रेक्षकांविना.

आपल्यासाठी विशेष म्हणजे याच स्पर्धेत आपले दोघे होते. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी, आणि पुण्याचाच उदयन माने, ज्याला अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे अगदी शेवटी जागा मिळाली. पुढच्या आठवड्यात अदिती अशोक चौथी आली तेव्हा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता. तिथेही जपानच्या मोने इनामीने रौप्य घेतलं.

शिकाऊ

मी पुण्यात शनिवार-रविवारी खेळतो. त्याच्या स्विंगबद्दल एक विचारायचं होतं. काठी वर गेल्यावर तो क्षणभर पूर्ण थांबतो, मग खाली आणतो. हे शिकण्यासारखं आहे का? आमचे प्रशिक्षक नको म्हणतात.

चेंबूरचा

प्रशिक्षकांचं ऐका. तो थांबा बघायला सुंदर आहे, पण त्याच्या मांड्या आणि कंबर बघा. वर हात थांबलेले असतात तेव्हा खालचं शरीर डावीकडे निघालेलं असतं. बाहेरून दिसतो थांबा, आत सुरुवात झालेली असते. आपण नक्कल करायला गेलो की खरंच थांबतो आणि मग नुसत्या हातांनी मारतो. शिकायचंच असेल तर त्याचा फटक्यानंतरचा तोल शिका.

आणखी एक गंमत बघाल. फटका मारल्याबरोबर तो काठीवरून एक हात सोडतो, मान खाली घालतो, चेहऱ्यावर वाईट मारल्याचा भाव. आणि चेंडू खड्ड्यापासून एका मीटरवर. त्याला स्वतःला जो फटका अपेक्षित होता तो तसा आला नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. समालोचक आता फसत नाहीत.

जुना_क्रीडाप्रेमी

घाटवाट, ‘हरायला गेला’ हा तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. पटला. ओझाकींना कमी लेखत नाही, पण त्यांनी ती परीक्षा फारशी दिली नाही हे खरं.

एक भर घालतो. आओकींनी १९८३मध्ये जिथे तो वेजचा फटका मारला, त्याच वाइअलाए मैदानावर, त्याच अठराव्या होलवर, जानेवारी २०२२मध्ये मात्सुयामा प्लेऑफ खेळला. शेवटच्या नऊ होलच्या सुरुवातीला तो रसेल हेन्लीच्या पाच फटके मागे होता. प्लेऑफमध्ये मावळतीचा सूर्य समोर, चेंडू कुठे जातोय ते त्याला दिसतच नव्हतं. पावणेतीनशे यार्डांवरून थ्री-वुडने (लांब मारायच्या काठीने) मारलेला चेंडू तीन फुटांवर येऊन थांबला. ईगल. चाळीस वर्षांच्या अंतराने दोन जपानी माणसांनी एकच होल ईगल घेऊन जिंकला. माझ्यासारख्या जुन्या माणसाला याहून जास्त काही नको.

घाटवाट

वा! हे दोन्ही फटके पाठोपाठ बघायला हवेत.

ऑगस्टानंतरच्या काळावर मी लेखात लिहिलं नाही, ते इथे थोडक्यात. ऑक्टोबर २०२१मध्ये झोझो, चिबातल्या नाराशिनोला, पाच फटक्यांनी, शेवटच्या होलवर ईगल घेऊन. २०१९मध्ये वुड्सने त्याला मागे टाकलं होतं तेच मैदान, आणि या वेळी समोर आपली माणसं. २०२२च्या एप्रिलमध्ये मास्टर्स विजेत्यांच्या जेवणाचा यजमान या नात्याने त्याने सुशी, याकितोरी आणि मियाझाकीचं वाग्यू ठेवलं, आणि इंग्रजीत पाठ केलेलं भाषण कागद न बघता केलं. समोर निक्लॉस, वुड्स, प्लेअर. जो माणूस मायदेशी पत्रकारांशीही मोजकं बोलतो त्याच्यासाठी ही केवढी तयारी असेल.

मग मानेचं दुखणं. २०२३मध्ये टूर चॅम्पियनशिपला जायची सलग नऊ वर्षांची साखळी तुटली. बरेच जण म्हणाले आता संपलं. फेब्रुवारी २०२४मध्ये रिव्हिएराला शेवटच्या दिवशी सहा फटके मागे होता, ६२ मारले आणि तीन फटक्यांनी जिंकला. हा नववा विजय, त्यामुळे के. जे. चोईचा आठचा आशियाई विक्रम मोडला.

ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला शेफ्लर, फ्लीटवूड आणि मग मात्सुयामा, कांस्य. कासुमिगासेकीचं शल्य तिथे थोडं तरी निघालं असेल. परतताना लंडनमध्ये चोरी झाली, त्याचं पाकीट गेलं, कॅडी हायाफुजी आणि प्रशिक्षकाचे पासपोर्ट गेले. ते दोघे जपानला परतले आणि हा मेम्फिसला ऐनवेळी मिळालेल्या कॅडीसोबत, ताइगा ताबुचीसोबत, खेळला. पाच फटक्यांची आघाडी रविवारी पार वितळली, पंधराव्यावर डबल बोगी. पुन्हा क्वेल हॉलोसारखीच वेळ. या वेळी सतराव्या आणि अठराव्यावर बर्डी घेऊन तो जिंकला. ऑगस्टापेक्षाही मला हे दोन होल जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण ऑगस्टाला त्याने बोगी घेत घेत किनारा गाठला होता आणि इथे त्याने मारून सामना परत मिळवला.

आणि जानेवारी २०२५, हवाईतलं कापालुआ. पस्तीस अंडर. पीजीए टूरच्या इतिहासात चार फेऱ्यांत पारपेक्षा इतकं खाली कोणी गेलेलं नव्हतं. अकरावा विजय.

रेवती_क

आता मला आकडे कळायला लागले आहेत! पस्तीस अंडर वाचून ‘बापरे’ म्हणाले. एक विचारू? त्याच्यामुळे जपानमधल्या पोरांचं काही बदललं का?

तोक्यो_डायरी

रेवती, माझ्यापुरतं सांगते. ताकुमी कानाया आणि केइता नाकाजिमा ही दोन नावं बघ. दोघांनीही मात्सुयामाचीच वाट धरली. आशियाई हौशी स्पर्धा जिंकली, हौशी क्रमवारीत जगात पहिले आले, मग व्यावसायिक झाले. कानाया तर सेंदाईच्या त्याच विद्यापीठातला. आधीच्या पिढीतल्या मुलाला घरी राहायचं की बाहेर जायचं हा प्रश्न पडायचा. आता गुणी मुलाने बाहेर जायचं हे जवळपास ठरलेलंच असतं, प्रश्न उरतो तो कधी जायचं एवढाच. र्यो हिसात्सुने युरोपात जिंकून तिथून अमेरिकेत गेला. मेम्फिसला मात्सुयामाची पिशवी उचलणारा ताबुची हा तेव्हा याच हिसात्सुनेचा कॅडी होता.

जुना_क्रीडाप्रेमी

घाटवाट, आओकींचा धागा लिहायला घेतलाय. बाल्टुसरोलच्या चारही दिवसांवर तपशिलात लिहीन. सुपारीबाग, ओकामोतो यांच्यावर तुम्ही लिहाल का? १९८७च्या महिला यूएस ओपनचा तिघींचा प्लेऑफ त्यात यायलाच हवा.

सुपारीबाग

लिहिते. लॉरा डेव्हिस, जोअॅन कार्नर आणि ओकामोतो, पुरे अठरा होल पुन्हा खेळावे लागले होते. ओकामोतोंना मेजर कधीच मिळाली नाही, तेव्हा मात्सुयामाच्या पावणेचार वर्षांशेजारी ते ठेवून बघता येईल.